पसाऱ्याचा रुमाल

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठे मैदान मनात आणा. नाही, थांबा. डोळे मिटले तर पुढचे वाचणार कसे? उघडेच ठेवा, मैदान तेवढे आणा. आता त्यात साठ कुत्रे सोडा. लांब कानांचे, आखूड पायांचे, झुबकेदार शेपटीचे आणि शेपटीच्या नावाखाली नुसते थोटूक मिरवणारे. प्रत्येक कुत्र्यामागे, दोरीला धरून ओढले जाणारे एकेक माणूस लावा. भुंकणे कमी वाटत असेल तर हवे तेवढे वाढवा. आणि या गलबल्यात, अगदी फाटकाशी, नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. मान ताठ, वेणी ताठ, हातातली दोरीसुद्धा ताठ.

तिला घरात सगळे मिरी म्हणत. आकाराने लहान, पण बोलायला लागली की समोरच्याला ठसका. दोरीच्या दुसऱ्या टोकाला होता पसारा. वर्षापूर्वी कुत्र्यांच्या निवाऱ्यातून त्याला घरी आणले, तेव्हा पाव तासात त्याने चपलांचे सहा जोड, एका उशीतला सगळा कापूस आणि बाबांचा दाढीचा ब्रश घरभर पांगवला होता. आई दारातूनच म्हणाली होती, "कुत्रा आणलात की पसारा?" नाव तिथेच पडले.

निवाऱ्यातून घरोघरी गेलेले कुत्रे वर्षातून एकदा या मेळाव्याला येत. ज्यांना अजून घर मिळाले नव्हते त्यांना बघायला नवी माणसेही येत. नियम एकच, पण कडक. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात रुमाल हवा. घर असलेल्याला पिवळा, घर हवे असलेल्याला हिरवा. पिवळ्या रुमालवाले मैदानभर हिंडायला मोकळे. हिरव्यांनी तंबूमागे दोरी बांधून केलेल्या कुंपणात राहायचे.

"कुणाचा गं हा?" फाटकाशी रुमाल बांधणाऱ्या मुलीने विचारले.

"माझा," मिरी म्हणाली.

"आमचा," बाबांनी हळूच दुरुस्ती केली.

"म्हणजे माझाच."

तिचा हक्क नाही असे कोण म्हणेल? 'हात दे' म्हटले की पुढचा पंजा उचलून द्यायचा, हे तिने पसाऱ्याला तीन आठवडे खपून शिकवले होते. त्यात बिस्किटांचा एक डबा संपला होता. अर्धा विद्यार्थ्याने खाल्ला, अर्धा गुरूने.

मैदानात दहा पावले गेले असतील नसतील, तोच पसारा थबकला. नाक वर, कान वर. मग त्याच्या घशातून असा एक आवाज निघाला, जो मिरीने वर्षभरात एकदाही ऐकला नव्हता. दार करकरते तसा, पण ते दार आनंदाने करकरत होते. आणि पुढच्या क्षणी तो सुटला. मिरी गवतावरून टाचांवर घसरत त्याच्यामागे.

तंबूच्या कडेने एक उंच, मिशाळ माणूस येत होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर ओला टॉवेल. निवाऱ्यातल्या कुत्र्यांना अंघोळ घालण्याचे काम त्याचे, म्हणून सगळे त्याला अंघोळकाका म्हणत. पसारा थेट त्याच्या पोटावर आदळला.

"अरे, अरे, अरे! कोण हा? फुग्या! फुग्या का रे तू?"

मिरी धापा टाकत म्हणाली, "त्याचं नाव पसारा आहे."

"असेल, असेल. आम्ही फुग्या म्हणायचो. आला तेव्हा पोट हे एवढं! काय रे फुग्या, नाव बदललंस होय?"

फुग्या म्हटल्यावर पसाऱ्याची शेपटीच काय, मागचे अख्खे अंग हलले. घरी पसारा म्हणून हाक मारली की फार तर एक कान हलत असे.

मिरीने खिशातून बिस्कीट काढले. "पसारा, हात दे."

पसाऱ्याने हात दिला. काकांना. मग मिरीच्या हातातले बिस्कीट अलगद उचलले, वळला, आणि काकांच्या बुटांवर बसून ते खाल्ले. खाता खाता तो सारखा काकांची विजार हुंगत होता, जणू तिलाच लोणी लावले होते.

"जुनी ओळख आहे, मिरे. थोडा वेळ दे त्याला," बाबा म्हणाले. बाबा घड्याळे दुरुस्त करीत. कुठल्याही गोष्टीला थोडा वेळ दिला की ती चालू लागते, असा त्यांचा अनुभव होता.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

मिरीने दहा मिनिटे मोजली. पसारा तिथेच. आणखी पाच मोजली. पसारा आता उताणा पडून पोट खाजवून घेत होता.

आईला हसू आले. "अगं, तू मावशीकडे राहायला गेलीस की फोनवर तरी येतेस का आमच्याशी बोलायला? तेव्हा आम्ही असं तोंड करून बसतो?"

"ते वेगळं."

"काय वेगळं त्यात?"

मिरीने बराच विचार केला. "मावशी रबरी बूट घालत नाही."

आई-बाबा चहाच्या टेबलाकडे गेले. तेवढ्यात काकांना कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. त्यांनी पसाऱ्याची दोरी बाकाच्या पायाला बांधली आणि म्हणाले, "इथंच बस, फुग्या. आलोच मी."

आणि पसारा बसला! घरी त्याला 'बस' म्हटले की तो उठून दुसऱ्या खोलीत जात असे. काका दिसेनासे झाले तरी तो तिकडेच टक लावून बघत होता. मिरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तर त्याने मान वाकडी करून तिच्या बाजूने पलीकडे बघितले.

मिरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्याला घर आहे हे ज्याच्या ध्यानातच नाही, त्याने पिवळा रुमाल मिरवायचाच कशाला? तिने पसाऱ्याच्या गळ्यातली गाठ भराभर सोडली आणि रुमाल मुठीत घेतला. "आता बघच तू," ती म्हणाली. "मी पण दुसऱ्या कुत्र्याचे लाड करते. तुझ्या नाकासमोर करते. मग कळेल कसं वाटतं ते."

दुसरा कुत्रा म्हणजे अर्थातच असा हवा, ज्याच्यामागे कुणी आई-बाबा 'आमचा, आमचा' करत उभे नसतील. ती तडक तंबूमागे गेली.

कुंपणात अकरा कुत्रे होते. दहा जण उड्या मारत होते. अकरावा दोरीला लागून शांत बसला होता. तोंडावरचे केस पांढरे, एक कान दुमडलेला, आणि नजर अशी, की आता पाढे म्हणायला लावील. त्याच्या गळ्यातल्या पाटीवर लिहिले होते : 'मास्तर. निवाऱ्यात सात वर्षे.' मिरीने त्याची पाटी पाठीकडे सरकवली, हिरवा रुमाल सोडला, पिवळा बांधला. हिरवा गवतात पडला तो पडलाच.

कुंपणाच्या तोंडाशी एक मुलगा पहाऱ्याला उभा होता. त्याने फक्त रुमाल बघितला. "पिवळा? हा आत कसा शिरला? ने बाई, ने तुझा कुत्रा. इथं आधीच गर्दी झालीय."

मिरी मास्तरला घेऊन बाहेर पडली, आणि खरी गंमत तिच्या पाठीमागे सुरू झाली.

निवाऱ्याचा कारभार त्या वर्षी एका नव्या बाईंकडे आला होता. गळ्यात शिट्टी, म्हणून त्या शिट्टीबाई. त्या हिशेबाला फार चोख. दर अर्ध्या तासाने कुंपणातले कुत्रे मोजायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी मोजले : दहा. पुन्हा मोजले : दहा. गवतात एक हिरवा रुमाल सापडला. म्हणजे रुमाल सोडवून एक कुत्रा पळाला. बाई मैदानात आल्या, आणि पाहतात तो बाकाला एक कुत्रा बांधलेला, गळ्यात रुमाल नाही, जवळ माणूस नाही. कुत्रा एक, रुमाल एक, जागा एक. इतके सरळ गणित शाळेतसुद्धा मिळत नाही. बाईंनी पसाऱ्याच्या गळ्यात हिरवा रुमाल बांधला, त्याला कुंपणात नेले आणि मोजले. अकरा. समाधानाने त्यांनी एक बारीकशी शिट्टीही वाजवली.

इकडे मिरी मास्तरला घेऊन मैदानाला लांबचा वळसा घालून आली आणि बाकासमोरून मिरवू लागली. "वा रे मास्तर! किती शहाणा! किती सरळ चालतो! नाही तर काही काही कुत्री!" पण दुसऱ्याला जळवायचे असेल तर त्याच्याकडे बघायचे नसते, एवढे तिला पक्के ठाऊक होते. त्यामुळे बाकाकडे ती चुकूनही बघत नव्हती. नाक वर करून तिने तीन फेऱ्या मारल्या. मास्तरांची चाल म्हणजे दर खांबाशी थांबून विचार करणारी, तेव्हा तीन फेऱ्यांना बराच वेळ लागला. घसा बसेपर्यंत तिने त्यांचे कौतुक केले.

चौथ्या फेरीला तिला राहवले नाही. पसाऱ्याचे तोंड किती उतरले आहे ते बघावे म्हणून तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच पाहिले.

बाक होते. बाकाचा पाय होता. पसारा नव्हता.

"काकांनीच नेला!" ती ओरडली आणि धावत सुटली. पण काका तर समोरून दोन बादल्या घेऊन येत होते. "फुग्या कुठंय गं?" त्यांनीच विचारले. तेवढ्यात तंबूमागून माईकवर शिट्टीबाईंचा आवाज आला, "आनंदाची बातमी! कुंपणातल्या एका कुत्र्याला घर मिळतंय! आणि काय हुशार आहे म्हणून सांगू, चक्क हात देतो!"

मिरीच्या तोंडचे पाणी पळाले.

कुंपणापाशी कुत्रा शोधायला आलेले एक बेकरीवाले आणि त्यांची बायको उभे होते. दोघेही गोल, दोघेही खूश. पसारा हिरवा रुमाल घालून त्यांना आळीपाळीने हात देत होता. उजवा, डावा, पुन्हा उजवा. घरी तीन आठवड्यांत डावा त्याने एकदाही दिला नव्हता.

"अहो, बघितलंत का? माझ्याकडेच बघतोय!" बेकरीवाली म्हणाली.

"तुझ्या हातातल्या टोस्टकडे बघतोय," बेकरीवाले म्हणाले. "पण गुणाचा आहे हो. भरला आम्ही अर्ज."

"तो आमचा आहे!" मिरी दोरीखालून आत घुसली. मागोमाग मास्तरही. तिला बघताच पसारा करकरला. तोच आवाज, तेच आनंदी दार! तो तिच्या दिशेने झेपावला, पण बेकरीवाल्यांनी त्याची दोरी घट्ट धरली होती. मिरीचे डोळे भरून आले. आपल्यासाठी तो पहिल्यांदाच करकरत होता.

शिट्टीबाई तिच्यासमोर वाकल्या. "बाळा, आवडलेला कुत्रा सगळ्यांनाच आपला वाटतो."

"पण तो खरंच आमचा आहे. त्याला पिवळा रुमाल होता."

"मग कुठंय तो रुमाल?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. रुमाल मास्तरच्या गळ्यात झुळझुळत होता.

"हा बघ की तुझा कुत्रा," बाई म्हणाल्या. "किती शांत, किती गुणी! याला सोडून दुसरा मागतेस? याला काय वाटेल?"

मास्तरांनी गंभीरपणे मिरीकडे पाहिले. आता आली का पंचाईत! पसारा परत हवा तर रुमालाची गोष्ट सांगायला हवी. रुमालाची सांगायची तर आधीचीही सांगायला हवी. तोवर बादल्या ठेवून काका आणि चहाचे कप घेऊन आई-बाबाही येऊन पोचले होते.

"मीच सोडला त्याचा रुमाल," मिरी पुटपुटली.

"का गं?" आईने विचारले.

"तो काकांकडे गेला म्हणून."

 बेकरीवाले खाकरले. शिट्टीबाईंनी वही उघडली. गेल्या वर्षी घरी गेलेल्यांच्या पानावर फुग्याचे नाव होते, आणि काकांनीही कुत्रा ओळखला. म्हणजे प्रकरण खरे तर तिथेच मिटले होते. पण काकांना आतून गुदगुल्या होत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्यावरून कुणी रुसले नव्हते, भांडले नव्हते. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "वेडी पोरगी! असतो गं एखाद्या कुत्र्याला एखाद्या माणसाचा लळा. आता त्याला कोण काय करणार?"

ते एवढे वाक्य बोलले नसते तर गोष्ट संपली असती.

"असं असेल तर त्यालाच विचारू!" मिरी कडाडली. "तुम्ही तिकडं उभे राहा, मी इकडं राहते. तुमच्याकडे आला, तर ठेवून घ्या तुम्हीच त्याला!"

"मिरे!" आई आणि बाबा एकदमच ओरडले. पण शब्द तोंडातून निघून गेले होते. आता माघार घ्यायची तर नाक कापल्यासारखे, आणि नाही घ्यायची तर... पुढचे तिने मनातही म्हटले नाही.

सगळे कुंपणाबाहेर आले. काका मोकळ्या जागेच्या एका टोकाला गेले. दुसऱ्या टोकाला मिरी. मास्तरची दोरी कुणी धरेना, म्हणून तिने ती मनगटाला गुंडाळली. मधोमध बेकरीवाले पसाऱ्याला धरून.

"फुग्या! ये रे माझ्या राजा!" काकांनी मांडीवर थाप मारली.

मिरीला हाकच मारता येईना. घसा आधीच बसलेला. त्यातून आलेच ते इतके बारीक, की तिचे तिला जेमतेम ऐकू आले. "पसारा..."

बेकरीवाल्यांनी दोरी सोडली.

पसाऱ्याने काकांकडे वळूनही बघितले नाही. कान मागे टाकून, जीभ बाहेर काढून, करकरत करकरत तो बाणासारखा मिरीकडे आला. मिरी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले, डोळे गच्च मिटले. एक झुळूक गालाला लागली. हात रिकामेच राहिले.

तिने डोळे उघडून मागे पाहिले. पसारा मास्तरच्या अंगावर लोळत होता. त्याचा दुमडलेला कान चाटत होता, त्याच्या पोटाखाली डोके खुपसत होता. आता एवढा मोठा झालेला तो कुत्रा पिल्लू होऊन तिथे मावायला बघत होता. आणि सात वर्षे गंभीर राहिलेले मास्तर शेपटी आपटत होते. धप, धप, धप.

"अरेच्चा!" काका तिथूनच म्हणाले. ते सावकाश चालत आले. मिशी जरा खाली आली होती. "हे माझ्या लक्षातच नव्हतं. हा लहान असताना मास्तरच्याच पोटाशी झोपायचा. पाच महिने. त्याच्याशिवाय जेवायचासुद्धा नाही." मग त्यांनी आपली विजार हुंगून पाहिली. "आणि सकाळीच मी मास्तरला अंघोळ घातलीय. म्हणजे मघाशी हा माझ्यासाठी नाचत नव्हता तर!"

"आणि मघाशी माझ्यासाठी करकरत नव्हता," मिरी म्हणाली.

"आम्हाला हात दिला, तो टोस्टसाठी," बेकरीवाले म्हणाले.

तिघेही बाकावर ओळीने बसले. कुणीच कुणाकडे बघत नव्हते.

शिट्टीबाईंनी रुमाल अदलाबदल करून ज्याचे त्याला बांधले. "चला, मास्तर, कुंपणात," त्या म्हणाल्या. मास्तर निमूटपणे उठले. पसाराही उठला आणि त्यांच्या मागे चालू लागला. बाबांनी त्याची दोरी ओढली, तर तो चारही पाय रोवून उभा राहिला.

"या मास्तरला कुणी नेत का नाही?" आईने विचारले.

"म्हातारा आहे ना. सगळ्यांना पिल्लं हवीत," काका म्हणाले.

आईने मास्तरकडे पाहिले. मग घाईघाईने म्हणाली, "आपलं एकाच कुत्र्याचं ठरलं होतं हं. आधीच सांगून ठेवते."

"मी कुठं काय म्हणाले?" मिरी फुरंगटून म्हणाली. तिला तर त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता, की विचारू नका. काकांचा आला होता त्याच्या दुप्पट. काकांपुढे निदान बुटांबद्दल तरी बोलता येत होते. या मास्तरांनी काही केले नव्हते. हाक मारली नव्हती, बिस्कीट दाखवले नव्हते, नुसते बसले होते. आणि तरी पसाऱ्याचे सगळे करकरणे त्यांच्याच वाट्याला!

ती कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत बसली. दोरीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि मधून दोन नाके एकमेकांना टेकलेली.

मग ती उठली. अर्जांच्या टेबलाशी गेली आणि एक कोरा अर्ज मागून घेतला. कुत्र्याच्या नावापुढे तिने 'मास्तर' लिहिले. खालचा प्रश्न होता : 'हा कुत्रा तुम्हाला का हवा आहे?' पेन्सिलीचे टोक चावत तिने बराच वेळ विचार केला. शेवटी मोठ्या, वाटोळ्या अक्षरात लिहिले : 'मला नको आहे. माझ्या कुत्र्याला हवा आहे.'

तिने ते एकदा वाचून पाहिले, 'माझ्या' या शब्दाखाली दोन जाड रेघा ओढल्या, आणि कागद पेन्सिलीसकट आईच्या पुढ्यात धरला.